बॉनेटातलं लिंबू

बॉनेटात लिंबू बांधल्याशिवाय आमचे दाजी दुरुस्त केलेली गाडी सोडत नसत. लोक लिंबू-मिरची बंपरला बांधतात. दाजी आत, इंजिनाशेजारी, बारीक तारेनं आवळून बांधायचे. कुणी हसलंच तर म्हणायचे, "भाईर बांधत्यात त्ये लोकास्नी दिसाय. ह्ये इंजिनासाठी हाय."

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. लष्कराच्या वर्कशॉपमधून सुटून आल्यावर त्यांनी साताऱ्यात गॅरेज टाकलं आणि मला सुटे भाग सांभाळायला हाताशी घेतलं. स्वभाव भलताच तिखट. गिऱ्हाईक स्वतःच बिघाड सांगायला लागलं की पाना त्याच्या हातात ठेवायचे. "तुमाला कळलंय नव्हं? मग खोला तुमीच." तरी गिऱ्हाइकं टिकून होती, कारण साखर कारखान्याच्या सगळ्या जीपा दाजींकडे यायच्या. आक्काची चूलही त्याच जीपांवर पेटत होती.

कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी एका परदेशी इंजिनिअरची जुनी जर्मन गाडी विकत घेतली. तिला कार्बोरेटरच नव्हता. पेट्रोल दाबानं इंजिनात फवारलं जायचं. अशी गाडी जिल्ह्यात कुणी पाहिली नव्हती. दाजींनी तिची पहिली सर्व्हिस केली, प्रेमानं पुसली आणि रिवाजाप्रमाणे लिंबू बांधलं. जीपच्या आत बांधायला लोखंड मिळायचं. इथं हाताशी आला तो हवेचा जाड रबरी पाइप.

महिनाभरात गाडी रुसली. सकाळी चावी फिरवली की झटक्यात सुरू व्हायची, जरा घुरघुरायची आणि गपकन बंद पडायची. एकदा तर वाईहून आलेल्या पाहुण्यांसमोर, कारखान्याच्या फाटकातच. साहेबांनी ड्रायव्हरकरवी निरोप धाडला: गाडी नीट होत नसेल तर जीपांचाही विचार करावा लागेल.

दाजींनी जेवणखाण सोडून दिलं. पेट्रोलची टाकी धुतली, फिल्टर बदलला, प्लग घासले, पंप उघडून पुन्हा बसवला. दरवेळी गाडी तेवढीच बोलायची आणि मरायची. "सुरू व्हतीया म्हंजी जीव हाय," दाजी पुटपुटायचे, "मग ऱ्हात का न्हाई?" मधल्या शनिवारी त्यांनी वाळलेलं लिंबू काढून ताजं बांधलं. गाडीला नक्कीच कुणाची तरी नजर लागलीय म्हणून या खेपेला तार आणखी आवळली.

शेवटी उत्तर सापडलं ते त्याच तारेखाली. इंजिन तापलं की पाइप मऊ पडायचा आणि हादऱ्यांनी तार आत रुतायची. खालच्या बाजूनं, नजरेआड, रबर चिरलं होतं. गार इंजिनाला सुरू होताना वेगळ्या तोटीतून जादा पेट्रोल मिळायचं, म्हणून ते पेट घ्यायचं. ती तोटी बंद झाली की पेट्रोल हवेच्या मापानं यायचं. आणि चिरेतून शिरणारी हवा मापात येतच नव्हती. इंजिन उपाशी राहायचं. दाजी पाइप हातात धरून पायरीवर बसले.

मी म्हणालो, "दाजी, पाइप फुटला हुता एवढंच सांगा. लिंबाचं नावच काढू नगा."

"आन् उंदरानं कुरतडलं म्हनू व्हय रं? माज्या भरवशावर गाडी सोडलीया त्येंनी."

त्यांनी चिरेवर ट्यूबचं रबर गुंडाळलं, पट्टी आवळली. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. ती घेऊन ते बंगल्यावर गेले आणि व्हरांड्यात बसलेल्या चार लोकांसमोर सगळं खरं सांगून आले. साहेब पोट धरून हसले. त्यांचं बघून बाकीचेही हसले. दुसऱ्याच दिवसापासून जीपा सांगलीच्या एका गॅरेजात जायला लागल्या. तिथला मालक प्रत्येक दुखण्याला नवा पार्ट सांगायचा आणि कुणाला त्याचं हसू येत नव्हतं. साहेबांची गाडी मात्र पुढं कित्येक वर्षं दाजींच्या त्याच ठिगळावर पळाली. खोटं बोलायला हवं होतं असं मला आजही वाटतं. खरं ऐकायची लायकी त्या व्हरांड्याची नव्हती.

नाक्यावर त्यांना 'लिंबूवाला मेस्त्री' म्हणायला लागले. दाजी भांडले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. पुढं गिऱ्हाईक स्वतःच बिघाड सांगून पाना मागायचं आणि ते मुकाट देऊन टाकायचे. गॅरेज मोडलं. औंधच्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवता चालवता छातीत कळ येऊन ते गेले.

चेअरमनसाहेब भेटायला आले. ओट्यावर सतरंजीवर बसले, टोपी काढली आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. कधी खोटं बोलला नाही. मला तर पहिल्यापासून ठाऊक होतं."

आक्का उंबऱ्यात बसली होती. तिनं पदर सारखा केला.

"आवं सायेब," ती म्हणाली, "ह्ये तवाच चार लोकांत बोलला असता, तर आज तुमाला हितं यावं लागलं नसतं."