वीतभर प्लास्टिक

रत्नाताई कुणाच्याही घरात पायातलं काढत नसत. जाड रबरी तळाचे काळे बूट घालून त्या थेट आत शिरायच्या. एखादी बाई दारातच म्हणाली, "बूट बाहेर काढा हो, आत देवघर आहे," की रत्नाताई उंबऱ्यावर थांबून शांतपणे सांगायच्या, "मग समईवर भागवा. वायरमन बूट काढत नाही. काढले तर चौघांच्या खांद्यावरून जातो." बहुतेक ठिकाणी बूट आत जायचे. एखाद्या ठिकाणी रत्नाताई परत फिरायच्या, आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे.

देहूरोडहून जुन्या स्कूटरवर त्या यायच्या. वय पन्नाशीच्या पुढे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते आणि त्यांचं एक वाक्य त्या उठताबसता ऐकवायच्या, "करंटला ओळखपाळख नसते." आयटीआयमध्ये त्या वायरिंग शिकल्या आणि नळकाम मागाहून हौसेनं उचललं. हे दुसरं काम कशाला, असं मी एकदा विचारलं. "प्लंबर वेगळा, वायरमन वेगळा असला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात," त्या म्हणाल्या. "मी एकटीच असले की बोट कुणाकडे दाखवणार?"

मोशीतल्या आमच्या सोसायटीचा मी तेव्हा सेक्रेटरी होतो. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीमध्ये काढली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला. सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाचा पंप जळाला, नवा आणला, आणि तो बसवायला रत्नाताईंना मीच बोलावलं. चेअरमन होते बाळासाहेब. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे सोसायटीही आपलीच असं त्यांना मनापासून वाटतं. रविवारी उद्घाटन ठरलं. मांडव, नगरसेवक, आणि मुलांची पहिली उडी.

रत्नाताईंचं काम बघायला मी खुर्ची घेऊन बसायचो. पंपाच्या दोन्ही बाजूंना त्यांनी वेगळे सुटणारे जोड घातले, उद्या पंप काढायचा झाला तर पाइप कापावा लागू नये म्हणून. प्रत्येक पाइपवर खडूनं बाण काढले, पाणी इकडून येतं, इकडून जातं. चिकटवलेल्या जोडांना पुरता एक दिवस वाळू दिलं. मी घाई केली तर म्हणाल्या, "साहेब, भाकरी टाकली की लगेच उलटता का?"

शनिवारी सकाळी त्यांनी अर्थिंग तपासलं. मोटारीत बिघाड झाला तर करंट माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा, यासाठी असते ती तार. पूर्वीच्या कुणी तरी ती पंपाच्या खोलीतल्या लोखंडी पाण्याच्या पाइपला बांधली होती. पाइप जमिनीतून येतो, तेव्हा तार जमिनीला लागलीच, असा हिशेब. सगळीकडे असंच करतात. रत्नाताईंनी एक साधा बल्ब घेऊन त्याची एक वायर करंटला आणि दुसरी त्या पाइपला लावली. बल्ब लख्ख पेटायला हवा होता. पेटला नाही. मग वायर सोडवून, पाइपवर हात ठेवून त्या खोलीबाहेर गेल्या, भिंतीच्या कडेनं बागेपर्यंत चालत गेल्या आणि एका जागी थांबल्या. तिथं लोखंडी पाइपच्या मधोमध वीतभर प्लास्टिकचा तुकडा होता. प्लास्टिकमधून करंट जात नाही. जमिनीशी नातं तिथंच तुटलं होतं.

"हा कुणी टाकला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "बघावं लागेल."

बघण्यासारखं काही नव्हतं. आदल्या वर्षी तिथं गळती लागली तेव्हा एका दुपारी तो तुकडा मीच उभा राहून बसवून घेतला होता, आणि कशी झटपट सोय केली म्हणून मिरवलोही होतो.

रत्नाताईंनी सांगितलं, नवा खड्डा घेऊन अर्थिंग होईपर्यंत पंप चालू होणार नाही. बाळासाहेब कमिटीच्या सगळ्यांना घेऊन पंपाच्या खोलीत उतरले.

"ताई, उद्या मांडव हाय. सोमवारी घ्या की खड्डा. एका दिसानं काय व्हतंय?"

"मरायला दिवस लागतच नाही. मोटारीत पाणी शिरलं तर तलावातली सगळी पोरं एका क्षणात जातील."

"आमच्या मळ्यात इतकी वर्षं मोटार चालली. आमी कवा अर्थिंग केलं न्हाई. कुनी मेलं का?"

"मोटारीपाशी म्हैस गेली म्हणत होता ना परवा?"

"तिला साप चावला व्हता."

"साप सापडला का?"

कुणी तरी खोकलं. रत्नाताईंनी पिशवीतून वही काढली आणि उभ्या उभ्या लिहिलं, "या पंपाला अर्थिंग नाही हे मला माहीत आहे. तरीही चालू करा." वही आणि पेन पुढे केलं. "एकानं सही करा. आत्ता बटण दाबते."

आम्ही सात जण होतो. वही सातही हातांतून फिरली. कुणाला चष्मा सापडेना, कुणाला फोन आला. मी वाचल्यासारखं केलं आणि ती पुढे दिली.

"ऱ्हाऊ द्या," बाळासाहेब म्हणाले. "दुसरा वायरमन आनतो."

रत्नाताईंनी पकड काढली, मेन स्विच बंद केला आणि स्वतःच्या हातांनी टाकलेली नवी केबल मधोमध तोडली. "आणा. आता जो येईल तो आधी विचारेल, ही का तोडली. त्याला उत्तर द्या."

उद्घाटन राहिलं. संध्याकाळी बाळासाहेबांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज सांगितला आणि मी तो टाइप केला: वायरमन बाईंनी जुनी पाइपलाइन तोडल्यामुळे कार्यक्रम पुढे ढकलत आहोत. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तपासून घेतलं. खरं काय ते मला माहीत होतं. माझी लाज वाचत होती, म्हणून मी गप्प बसलो.

सोमवारी रत्नाताई ऑफिसात आल्या आणि त्यांनी फोनवर आलेला तो मेसेज माझ्यापुढे धरला. "शुद्धलेखन चांगलं आहे तुमचं, साहेब." एवढंच बोलल्या. मला वाटलं, आता या काम सोडून जाणार. त्या बागेत गेल्या. मुरूम कठीण होता. दोन मजूर लावून, स्वतःही पहार चालवून खड्डा घेतला, तांब्याची पाटी पुरून पंपाची तार तिला जोडली, ओल टिकावी म्हणून कोळसा आणि मीठ भरलं. मी तिथं घुटमळलो तेव्हा म्हणाल्या, "मुलं तुमच्या मेसेजवर पोहणार नाहीत. या पाटीवर पोहणार आहेत." केबल नवी टाकली. या खेपेला बल्ब लख्ख पेटला.

मेसेज मात्र आमच्या ग्रुपवर थांबला नाही. शेजारच्या सोसायट्यांमध्ये फिरला, आणि "पाइप तोडणारी बाई" म्हणून त्यांना कुणी बोलावीना. त्या कुणाकडे खुलासा द्यायला गेल्या नाहीत. मी चार वेळा फोन हातात घेऊन पुन्हा ठेवला.

गेल्या हिवाळ्यात त्या आजारानं गेल्या. मी देहूरोडला त्यांच्या घरी गेलो. मुलीनं चहा दिला आणि म्हणाली, "मोशीचे ना तुम्ही? आई म्हणायची, तिथलं काम माझं सगळ्यात चांगलं झालं." मी कप तसाच ठेवून उठलो.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं की पाइपमधला तुकडा मी टाकला होता, आणि खाली नाव आणि फ्लॅट नंबर घातला. पाच मिनिटांत बाळासाहेबांचा फोन आला. "काढून टाका त्यो. सोसायटीची अब्रू जाती."

"माझी जातेय, जाऊ द्या," मी म्हणालो.

ग्रुप त्यांच्या ताब्यात आहे. त्यांनी मेसेज पुसला, मी पुन्हा टाकला. त्यांनी पुन्हा पुसला, मी पुन्हा टाकला. चौथ्या खेपेला त्यांनी मलाच ग्रुपमधून काढलं. म्हणून आता इथं लिहितो आहे, इथलं त्यांना पुसता येणार नाही. रत्नाताईंनी कुठलाही पाइप तोडला नव्हता.