उभ्या मोटरचा आकडा

आमच्या वसमतला मोटर म्हटलं की पहिला प्रश्न एकच: किती एचपीची? विहिरीवरची असो, नाहीतर पिठाच्या गिरणीची. लोखंड कापायचं जुनं मिलिंग मशीन कॉम्प्युटरवर चालवायचं दादानं ठरवलं, तेव्हा मोटर विकताना दुकानदारानंही त्याला याच भाषेत गुंडाळलं. "दोन एचपीच्या बराबर ओढते. न्या बिनघोर."

मशीन बाबांच्या वर्कशॉपमधलं. हळद पॉलिश करायच्या ड्रमचं गिअर तुटलं की नवं कापून आणायला माणूस परजिल्ह्यात पळतो, तेही ऐन हंगामात. हळद आमची, ड्रम आमचे, आणि दाते दुसऱ्यानं पाडायचे! या एका वाक्यावर मी चौकात पत्रकं वाटलीत. मशीन चाललं असतं तर हे दाते इथंच पडले असते. नाही चाललं, तर ते भंगारात जाणार होतं. बाबांनी भंगारवाल्याला तसा शब्दच दिला होता.

दादानं मोटर थेट टेबल वर-खाली करणाऱ्या स्क्रूवर बसवली. बटण दाबलं. मोटर घुंघुं करत नुसती थरथरली. टेबल जिथल्या तिथं.

"काहून गं," बाबा मला म्हणाले, "तुझं एखादं पत्रक वाचून दाखव की तिला. उठंल!"

राग आला, पण तो मोटरसोबत आलेल्या माहितीपत्रकाचा. ठळक अक्षरं कशासाठी वापरतात, हे पत्रकं लिहिणारीला कुणी शिकवू नये. ठळक छापलेला जोर जागेवर उभ्या मोटरचा होता. फिरायला लागल्यावर तो किती उतरतो, ते मागच्या पानावर, बारीक आलेखात. एचपीचा तर कुठं पत्ताच नव्हता. दुकानदार सरळ थापा मारत होता.

मी कापूस तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला, स्क्रू हातानं फिरवायच्या हँडलच्या टोकाला अडकवला आणि ओढला. टेबल चढायला लागलं तेव्हा काट्यावर सहा किलो. हँडल वीस सेंटीमीटरचं. गुणाकार एकशेवीस. कापतानाचा ताण आणि थंडीत घट्ट होणारं ग्रीस धरून दुप्पट लागणार. आणि त्या आलेखाप्रमाणे आमची मोटर फिरताना देत होती जेमतेम शंभर.

"म्हंजे मोटर बदलायची?" दादानं विचारलं.

"न्हाई. दाते बदलायचे. मोटरवर वीस दात्यांची पुली, स्क्रूवर साठची, मधी दातेरी पट्टा. जोर तिप्पट."

"आणि वेग?"

"तिसरा हिस्सा."

"रांगत राहील की ते!"

"रांगू दे. आपल्याला गिअर कापायचंय, बैलांचा शंकरपट न्हाई जिंकायचा."

पट्टा बसला. बटण दाबलं. टेबल गपचूप, सावकाश वर चढलं. बाबांनी टेबल किती सरकतं ते मोजायचा डायल लावला आणि फर्मावलं, "खाली घे. आता पुन्हा वर." डायलची सुई प्रत्येक वेळी त्याच रेघेवर येऊन थांबली. बाबांनी हात पुसले, भंगारवाल्याला फोन लावला.

"भाऊ, येऊ नका... व्हय, मशीनचंच म्हणतोय... कापतंय का? अजून न्हाई. पण चढून राहिलंय... अहो, भाव काहून वाढवता? विकायचंच न्हाई!"