आवाज न करणारी आकडी

आठवीतून शाळा सुटली आणि मी वेल्डिंग शिकलो. माझं गाव जतच्या पुढं, तिथं झाड दिसलं की माणूस सावलीला थांबतो. इथं कारवारकडच्या जोयड्यात, दाट रानात, उन्हाचा तुकडा शोधावा लागतो. एका फॅब्रिकेशनच्या दुकानात मी गेट, खिडक्या, शेडचे सांगाडे करतो. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, आणि कधी कधी जेवताना झोपेनं घास तसाच हातात राहतो.

राहतो मामा-मामींच्या पडवीत. नात्यानं ते माझे कोणी नाहीत. नवा आलो तेव्हा तापानं पडलो होतो, मामींनी पेज पाजली आणि नंतर कधी जा म्हणाल्या नाहीत. एक दिवस म्हणतील, ही धास्ती मला अजून आहे. म्हणून त्यांच्या घरात काही मोडलं की मी आधी उठतो.

मामा रोज रानात जातात, सोप्पू आणायला. सुपारीच्या बुडात घालायच्या ओल्या पाल्याला इथं सोप्पू म्हणतात. कोयता हातात धरून कोणी जात नाही. कमरेला मागच्या बाजूला दोरीनं लाकडाची आकडी बांधायची, तिच्यात कोयता अडकवायचा, म्हणजे हात मोकळे. मामांची आकडी चिरली. नवीन करायची तर लाकूड वाळायला वेळ लागतो. तोवर ते कोयता हातात घेऊन गेले, उतारावर घसरले आणि तळवा कापून आले.

मामी पट्टी बांधत म्हणाल्या, "पुरं झालं रान. बाग वाळली तर वाळू दे."

मामा ओट्यावर बसून राहिले. रान बंद म्हणजे त्या माणसाला काय उरतं ते मला दिसत होतं. मी मनात म्हटलं, हे तर आपलं काम आहे.

दुकान बंद व्हायच्या वेळी उरलेल्या सळईची आकडी केली. वाक नीट दिला, जोड घासून गुळगुळीत केला. दुकानात आम्हाला एकच शिकवलंय, गेट खडखडलं की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. म्हणून आतून जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं. कोयता आत घातला, हलवून बघितला. चूं नाही की चां नाही. दमलो होतो, पण बरं वाटलं.

मामांनी ती हातात तोलली. "ह्यात हत्ती टांगला तरी मोडायची न्हाई. मामीलाच टांगून बघू काय?"

"आदी तुमचा तळवा भरू दे," मामी आतून म्हणाल्या.

तळवा भरल्यावर ते गेले. मी घरी आलो तेव्हा मामी अंगणात उभ्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेत, अंगणात येणंसुद्धा त्यांना जड. मामा कधीचेच परसात येऊन पाय धूत होते, आणि मामींना पत्ता नव्हता.

"ते गेल्यापास्नं घर मुकं झालंय," मामी मला म्हणाल्या. "रोज आकडीच्या लाकडावर कोयता वाजतोय टकटक. ओढ्यापातूर मला ऐकाया येतंय. मग थांबतंय. परत वाजलं की आले म्हणून मी चुलीत लाकूड सारते. आज कायबी न्हाई."

मामा परसातून म्हणाले, "अस्वलालाबी कळाया पायजे की रे, माणूस येतोय ते. वाजलं की ते आपणच बाजूला होतंय. आज मी दिवसभर खोकत हिंडलो."

"मग घालताना बोलला का न्हाई?" मामींनी विचारलं.

"पोरानं एवढं केल्यालं. कसं बोलायचं?"

ते खोकत हिंडले होते, माझं मन राखायला. मी आकडी मजबूत केली होती, मोजून केली होती, आणि तिचं अर्धं काम तिच्यातून काढून टाकलं होतं. मला वाटलं होतं ती कोयता धरायला असते.

"उद्या जायाचं न्हाई," मामी म्हणाल्या. "मला ऐकाया येत न्हाई तर जायाचं न्हाई."

मी ब्लेड घेऊन बसलो. रबर निघता निघेना, चांगलंच चिकटवलं होतं. बोटं दुखली. शेवटी लोखंड उघडं झालं, तेव्हा मामांनी आकडी बांधून अंगणात एक फेरी मारली. मामी आत भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या.

"पत्र्यागत वाजतंय," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाचा न्हवं हा आवाज."

मामा उंबऱ्याशी थांबले.

"लाकूड वाळंपातूर हाच ऐकते," मामी म्हणाल्या. "जावा."

दुसऱ्या दिवशी मामा रानात गेले, आणि मी मालकांना सांगून लवकर निघालो. दुकानात ग्राइंडर चालू असताना मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येण्यासारखं तिथं काही नव्हतंही, तरी सारखा मशीन बंद करत होतो. घरी येऊन मामींशेजारी ओट्यावर बसलो. ओढ्याकडं अंधारून यायला लागलं होतं. पाखरं, वारा, लांब रस्त्यावर जीप. मी कान देऊन थकलो.

मामी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि चुलीत लाकूड सारलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"येतायत," त्या म्हणाल्या.

मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं.