तळहाताएवढा निळा रंग

हवाई दलातून निवृत्त झालेल्या त्या साहेबांचा मला मनस्वी राग आहे. विमान उडवलं म्हणजे त्याचा रंगही आपल्यालाच कळतो, असा त्यांचा समज. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, म्हणून त्यांच्या लेखी नुसता मास्तर.

मलकपेठेतल्या एका कॉलेजच्या शेडमध्ये महायुद्धातलं एक लढाऊ विमान वर्षानुवर्षं पडून होतं. ते पूर्वीसारखं करायला कमिटी नेमली. साहेब अध्यक्ष, आणि मूळ रंग शोधायचं काम माझ्याकडे. पहिल्याच बैठकीत आमची जुंपली. विमानावरच्या गोल चिन्हात मध्ये लाल ठिपका हवा, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो लाल फिकट निळ्याने झाकून टाकला होता. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. आपलीच माणसं चुकून आपल्यावर गोळ्या झाडतील म्हणून."

"अहो मास्तर, कायकू उगा भेजा खाता? लाल म्हणजे लाल. नाहीतर पुरावा आणा."

सगळे हसले. नारायणगुड्याला घरी पोचेपर्यंत माझी कानशिलं तापलेलीच होती.

दरवर्षी दसऱ्याच्या आयुधपूजेआधी कॉलेजचे लोक विमानावर रंगाचा एक हात मारत. इतके थर, की कांदा परवडला. पंधरा दिवस मी पॉलिश पेपर पाण्यात बुडवून त्या गोल चिन्हाच्या मध्यावर एकाच जागी घासत बसलो. चंदेरी, हिरवा, परत चंदेरी. आणि एका शुक्रवारी अगदी तळाशी तळहाताएवढा फिकट निळा, आणि त्याच्या कडेला खालून डोकावणारा लाल. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मोबाइलच्या फोटोत मात्र तो निळा ट्यूबलाइटखाली राखाडी दिसत होता. सोमवारी उजेडात चांगला फोटोग्राफर आणायचं ठरवलं.

साहेबांना कळलं तर ते शोध स्वतःच्या नावावर खपवतील, अशी माझी खात्री. म्हणून त्या जागेवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. सोमवारी त्यांचं तोंड कसं पडेल, हेच दोन दिवस मनात घोळवत होतो.

सोमवारी गेलो तर विमान नुसत्या पत्र्याचं, लखलखीत. दसरा तोंडावर आलेला, पूजेला मळकट नको, म्हणून साहेबांनी रविवारी रंगाऱ्यांकडून सगळा रंग खरवडून घेतला होता. मी नको नको ते बोललो. तिथे काय सापडलं होतं तेही ओरडूनच सांगितलं. साहेब मटकन खुर्चीत बसले.

म्हातारा रंगारी पुढे आला. "बड़े साब वो कागज देखके हमारे हाथ रोक दिये थे, साब. बोले, मास्तर लगाए तो कुछ तो होंगा. आपकू तीन बार फोन लगाए. आप उठाएच नै. फिर बोले, पूजा सर पे है, निकालो."

आज त्या विमानावर लाल ठिपका आहे. फोन तीनदा वाजला होता हे खरं. त्यांचं नाव पाहून मीच तो पालथा घालून ठेवला होता.