कर्ता हयात हवा

डोळा लागतोय म्हणेपर्यंत उघडतोय, असं हेमलताचं सकाळपासून चाललंय. मिरजेतल्या नर्सेस क्वार्टर्सची खोली, ओढलेले पडदे, रात्रपाळी करून आलेली बाई आणि तिच्या छातीवर उघडी वही. दुपारी तीनला इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे. पास झाली तर आयर्लंडच्या नोकरीचं जमेल. गेल्या खेपेला ती एका वाक्यावर नापास झाली. घरच्यांविषयी बोला म्हटल्यावर ‘माय फादर हॅज टॉट इंग्लिश’ एवढं म्हणाली आणि दातखीळ बसल्यासारखी गप्प झाली. क्लासच्या मॅडमनी नंतर सुनावलं, "अहो, वडील वारले ना तुमचे? माणूस हयात नसेल तर हॅज चालत नाही. टॉट म्हणा, साधा भूतकाळ." वडील जाऊन सात महिने झाले, पण नुसतं टॉट काही तिच्या तोंडून निघत नाही.

पापणी मिटते आणि ती वॉर्डात राउंडला निघालेली असते. खाटांच्या जागी शाळेचे बाक आहेत, आणि प्रत्येक बाकाला सलाइन लावलंय. शेवटच्या बाकावर आप्पा बसलेत, पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, आणि तिचीच वही तपासतायत. चौतीस वर्षं गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस, मेल्यावरही वह्या काही सुटत नाहीत.

"आप्पा, बीपी बघू तुमचं."

"माझं कसलं बीपी बघतीस? हे वाक्य बघ. हॅज काढ."

"ते काढलं की तुम्ही संपलात."

"अगं, मी भूतच की आता! भूतकाळात नको तर कुठं ठेवतीस मला?"

स्वतःच्याच विनोदावर ते खांदे हलवून हसतात, अगदी घरी हसायचे तसेच. तिला रडू येतं आणि रागही येतो.

त्यांचं मनगट धरायला ती हात पुढं करते, तर हातात एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीचा गज येतो. आप्पा खिडकीच्या आत. मागं गाड्या लागतायत, सुटतायत, तिला तीनची गाडी गाठायचीय आणि पायात चपला नाहीत. पर्समध्ये आप्पांचा मोबाइल वाजतोय. तो ती अजून रोज चार्ज करून ठेवते.

"परवा माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला होता. काय सांगितलंस त्याला?"

"सर बाहेर गेलेत म्हटलं."

"गेलेत म्हटल्यावर तो वाट बघणार. गेले म्हणायचं होतंस. एका ‘त’चा फरक, हेमे, आणि तो बिचारा फोन करत बसलाय."

"मला नाही जमत!" ती ओरडते. "सगळंच भूतकाळात टाकलं तर माझ्याकडं राहिलं काय?"

आप्पा चष्मा कपाळावर चढवतात. वर्गात कुणी खरा प्रश्न विचारला की ते असंच करायचे.

"कर्ता बदल," ते म्हणतात. "हॅज-हॅवला हयात कर्ता लागतो. मी नाही, पण तू आहेस की."

"म्हणजे?"

"आय हॅव लर्न्ट. पुढचं तू बोल."

"आय हॅव लर्न्ट इंग्लिश फ्रॉम माय फादर."

"शिकलेलं अजून अंगात आहे ना? मग हा पूर्ण वर्तमानकाळ. बरोबर."

वहीच्या पानाचा कोपरा ते त्रिकोणी मुडपतात. चांगल्या वाक्याला त्यांची हीच खूण. पानं खराब होतात म्हणून ती लहानपणी त्यावरून भांडायची.

"फोन उचल आता," ते म्हणतात, आणि खिडकीची फळी खाली येते.

फोन खरंच वाजतोय. हेमलता उठून बसते. तोंडाला कोरड पडलीय, दीड वाजलाय. वही घसरून मांडीवर आलीय आणि त्या पानाचा कोपरा त्रिकोणी मुडपलेला आहे. ती तो सरळ करायला बोट लावते आणि तसाच राहू देते. मग आप्पांचा मोबाइल कानाला लावते.

"सर आले का हो?" पलीकडून परवाचाच आवाज.

"सर गेले, दादा." ती वही जवळ ओढते. "सात महिने झाले. परवा मी खोटं सांगितलं तुम्हाला."

पलीकडून हळूच, "तुम्ही कोण, ताई?"

"त्यांची मुलगी," मुडपलेला कोपरा चिमटीत धरून ती म्हणते. "मीपण त्यांच्याकडंच शिकलेय."