न दुखणारी नागीण

"कोनी सावली पाडू नका! नागीन भडकी जाई!"

नाना, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, ओट्यावरून असे गर्जले की सोनगीरच्या किल्ल्यावरची वटवाघळं उडाली ती थेट नरडाण्याला जाऊन रेल्वेत बसली. आत पडद्यामागे आत्या निजलेली. तिच्या ओटीपोटावर हरभऱ्याएवढ्या लालसर गाठी उठल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. मुंबईला लाईट, म्हणजे किरणांचे शेक, घेऊन ती बरी झाली, तेव्हा नानांनी गावभर पेढे वाटले आणि त्या आजाराचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही, असा हुकूम सोडला. म्हणजे आता ही नागीणच. दुसरं काही उठायला नानांची परवानगी नव्हती.

नागीण उतरवणारे महाराज आले. तिचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस संपला, म्हणून मध्ये गेरूचा बांध घालायचा, एवढंच त्यांचं वैद्यक. नागीण उठते एका अंगाला. गाठी तर दोन्हीकडे होत्या. महाराज डगमगले नाहीत. म्हणाले, जोडी आहे. मग स्वतःच्या बायकोला आत पाठवून त्यांनी इतका गेरू थापवला की पोळ्याला अख्ख्या तालुक्याचे बैल त्यात रंगले असते. नागीण निखाऱ्यासारखी जाळते म्हणतात. आत्या म्हणाली, दुखत नाही. महाराज म्हणाले, बघा, मंत्राचा गुण. नानांनी मान अशी डोलावली, जणू मंत्र त्यांनीच शिकवला होता.

गाठी मांडीपर्यंत उतरल्या तेव्हा मी आत्याला एसटीत घालून धुळ्याला नेलं. नाना आलेच, डॉक्टरांना समजावायला. डॉक्टरांनी गेरू पुसला आणि आधी एकच विचारलं, दुखतं का? आत्या म्हणाली, नाही. मग गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने पुन्हा गेलो तेव्हा कळलं, गर्भपिशवीचा तोच आजार कातडीत उगवला होता. असं क्वचित होतं, ते म्हणाले. आता त्रास कमी करायचा, त्यापुढे फारसं हातात नाही.

नानांनी त्यातलं 'क्वचित' तेवढं उचललं. धुळ्याच्या स्टँडवर ओळखीच्या माणसाला सांगू लागले, लाखात एखादीला होतं हे, जशी काही आत्या बोर्डात पहिली आली. त्या भल्या माणसाने विचारलं, मग इतके दिवस कळलं कसं नाही? नाना गर्रकन आत्याकडे वळले.

"तू पहिले काबं नही सांगं?"

आत्या पिशवीतला डबा नीट बसवत होती.

"मी ते तवयच सांगं व्हतं," ती म्हणाली. "दुखस नही."