आजींच्या भुवया

आयसेलिन गावातल्या देशी किराणा दुकानात सुक्या बोंबलांचा वास आला आणि मी थेट अलास्कातल्या त्या स्वयंपाकघरात पोचले. ऐंशीच्या दशकात, कॉलेजच्या रिसर्चसाठी, मी एका इनुइट आजींना समुद्रावरच्या बर्फाबद्दल विचारत होते आणि दाराशी मासे वाळत होते. "तुम्ही बर्फाच्या रंगावरून जाडी ओळखता का?" आजी गप्प. वीसच्या वीस प्रश्नांपुढे मी ठसक्यात 'उत्तर नाही' लिहिलं. त्यांची नात हसत सुटली. "अगं, दर वेळी तिने भुवया उचलल्या ना! आमच्यात ते 'हो' असतं." मी वही मिटली आणि आजींकडे बघत पहिल्यापासून विचारलं. "मावशी, एक पाउंड देऊ?" इकडे दुकानदार विचारत होता. मी भुवया उचलल्या. बिचारा उत्तराची वाट बघत राहिला.